आधी बाग, मग भिंती

कळंबच्या वाढत्या वस्तीत एखाद्या प्लॉटवर घराचे काम निघाले की सगळ्यात आधी बोअरची गाडी येते. रात्रभर घरघर चालते आणि सकाळी शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर दगडाची पांढरी पूड बसलेली असते. मग मिस्त्री येतो, फक्की टाकून चौकोन आखतो. चौकोन प्लॉटच्या मधोमध असतो, कारण चारी बाजूंनी सामासिक अंतर सोडायचे असते. हॉल, किचन, दोन बेडरूम, बाहेरून जिना. बागेचे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "ते शेवटी बघू." शेवटी पैसे उरत नाहीत आणि जागाही उरत नाही. उरते ती घराभोवतीची तीन-चार फुटांची बोळ. तिथे कूलर राहतो, जुने पत्रे राहतात, सांडपाण्याचा पाइप राहतो. माणूस बसत नाही आणि झाड वाढत नाही.

३३ बाय ६६ फुटांचा प्लॉट घ्या, म्हणजे बरोबर दोन गुंठे. चारी बाजूंनी चार-चार फूट सोडले की ७२८ चौरस फूट गेले. विकत घेतलेल्या जमिनीचा हा एक तृतीयांश भाग झाला. ही जागा नियमाने सोडावी लागते आणि ती सोडावीच; हवा आणि उजेड तिथूनच येतात. पण घराचे पोट भरीव असलेच पाहिजे, असे कोणताही नियम म्हणत नाही. मधली दोनशे चौरस फूट जमीन मोकळी ठेवली आणि खोल्या तिच्या तीन बाजूंनी बसवल्या, तर त्याच दोन गुंठ्यांत वेगळेच घर उभे राहते. या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे. आधी मोकळी जागा आखा. तिथे ऊन कधी येते, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, तिथे कोण कोणत्या वेळी बसणार आहे, हे ठरवा. भिंतींचा विचार त्यानंतर करा.

ही कल्पना माझी नाही आणि बाहेरून आणलेलीही नाही. माझे आजोळ याच तालुक्यातले. रस्त्याच्या बाजूने वाड्याला खिडकी म्हणून नव्हती. दगडी भिंत आणि एक जाड कवाड. आत शिरले की ढेळज, ढेळजेतून जरा वळून चौक. समोर चार खणांची ओसरी, कडेला न्हाणी, आत बळद असलेली काळोखी खोली, वर माळवद. माळवदाला उजेडासाठी ठेवलेले भोक असायचे, त्याला आमच्याकडे सवणे म्हणत. पावसाची चिन्हे दिसली की ते झाकायला आम्हा पोरांना वर पिटाळले जाई. चौकाच्या एका कोपऱ्यात केळीचे बेट होते, दुसऱ्यात लिंबू, मध्ये वृंदावन. न्हाणीचे पाणी दगडी पाटाने चौकात येई आणि पाटाला जिथे दोन फाटे फुटत तिथे एक चपटा दगड ठेवलेला असे. आजी सकाळची पहिली अंघोळ करायची आणि बाहेर येताना पायाच्या अंगठ्याने तो दगड सरकवायची. आज पाणी केळीला, उद्या लिंबाला. एका बाजूने तो दगड झिजून गुळगुळीत झाला होता. सांडपाण्याचा पुनर्वापर हा शब्द तिने कधी ऐकला नाही, पण वापरलेले पाणी कुठे जाते हे तिला रोज माहीत असायचे. नव्या घरात आपल्याला ते माहीत नसते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

चौक थंड का राहायचा, याचे उत्तर आपल्या हवेत आहे. कळंब पठारावर आहे आणि हवा कोरडी. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पण पहाटे बाहेर झोपलेल्याला पांघरूण ओढावेसे वाटते. रात्री चौकाची फरशी आणि भिंती उघड्या आभाळाकडे आपली उष्णता टाकतात, गार हवा जड म्हणून खाली चौकात साठते आणि सकाळी दहा-अकरापर्यंत तिथेच मुक्काम करते. जाड भिंती हा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवतात. संध्याकाळी सडा मारला की पाणी उडून जाताना आणखी उष्णता घेऊन जाते. कोकणातल्या दमट हवेत या युक्तीचा एवढा उपयोग होत नाही. तिथे घराला वारा आरपार लागतो. आपल्याकडे मात्र चौक हे घराचे यंत्रच आहे, आणि ते विजेशिवाय चालते.

मग आपण ते का टाकले? त्याला कारण आहे, आणि ते टाळून या विषयावर बोलणे मला अप्रामाणिक वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरली होती, माणसे दमून झोपली होती. किल्लारी कळंबपासून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर. तिथे माणसे मेली ती मुख्यतः घराखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आत-बाहेर दोन वेगळे थर आणि मध्ये मातीगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर लाकडी तुळया, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे गळती थांबवण्यासाठी चढवत नेलेला मातीचा थर. भिंती फाकल्या आणि ते सगळे ओझे अंथरुणावर आले. तोवर आपला भाग भूकंपाच्या दृष्टीने देशातला सर्वांत सुरक्षित मानला जात होता. त्या पहाटेनंतर धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत माळवदाखाली झोपायला माणसे भ्यायला लागली. कित्येक महिने लोक अंगणात झोपले. सिमेंटच्या स्लॅबवर बसलेला विश्वास त्या भीतीतून आला आहे आणि त्याला नावे ठेवायचा अधिकार कोणालाही नाही.

पण माळवद टाकताना आपण चौकही टाकला. भूकंपात दोष होता तो भिंतीच्या सांधणीचा आणि छताच्या वजनाचा. चौकाचा त्यात काही दोष नव्हता. उलट, घरातून दोन ढांगांत उघड्यावर येता आले तर जीव वाचण्याचीच शक्यता जास्त. आज भिंत विटेची किंवा दगडाची असो, जोत्याशी, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग लोखंडी सळईचे काँक्रीटचे पट्टे फिरवले, कोपऱ्यांत उभ्या सळया घातल्या, छत हलके ठेवले, तर ती भिंत धक्का सोसते. मात्र चौकाभोवतीचे घर इंग्रजी यू अक्षरासारखे केले, तर त्याच्या आतल्या कोपऱ्यांवर धक्क्याच्या वेळी ताण जास्त येतो. तिथे जोड द्यायचा की दोन अंगे वेगळी उभी करायची, हे अभियंत्याकडून हिशेबाने ठरवून घ्यावे. मिस्त्रीच्या अंदाजावर हे काम सोडू नये. इतर बाबतींत मी मिस्त्रीचे ऐकायला सांगेन, या एका बाबतीत नाही.

भूकंपानंतरच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना पुढे आणले. घर कसे बांधले जाते, पट्टा कुठे असतो, सळई किती लागते हे त्या शिकल्या आणि गावाला सांगू लागल्या. पुढे याच संस्थेबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी घरच्या शेतातला एखादा एकर मागून घेऊन त्यात धान्य, कडधान्य, भाजीपाला घ्यायला सुरुवात केली. मला या दोन गोष्टी एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात. ज्या हाताला भिंतीतला पट्टा कळला त्याच हाताला आपल्या ताटात काय यावे हेही ठरवावेसे वाटले.

आता जमिनीकडे येतो. आपल्या जुन्या गावांत काळी आणि पांढरी असे दोन शब्द होते. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. घर काळीत बांधायचे नाही, हा नुसता रिवाज नव्हता. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, वीतभर रुंदीच्या भेगा पडतात, आणि तिच्यावर टेकलेले जोते तिच्याबरोबर हलते. आज बिगरशेती होऊन विकले जाणारे बहुतेक प्लॉट काळ्या रानातले आहेत. तिथे पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा, आणि काढलेली काळी माती ट्रॅक्टरने बाहेर पाठवू नये. बागेसाठी तिच्याहून चांगले काही नाही. तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळले की पाणी तुंबत नाही. पैसे देऊन माती बाहेर टाकायची आणि दोन वर्षांनी कुंड्यांसाठी पिशवीतली माती विकत आणायची, हे मी स्वतः केले आहे.

झाडाबाबतही माझी एक चूक सांगतो. माझ्या घराच्या पश्चिम भिंतीपासून सहा फुटांवर मी कडुनिंब लावला. हेतू चांगला होता. कडुनिंब फाल्गुनात पान झाडतो आणि पाडव्याला पुन्हा कोवळ्या पानांनी भरतो. ऐन उन्हाळ्यात त्याच्याइतकी सावली कोणाची नाही. बाराव्या वर्षी भिंतीला तिरकी भेग गेली. उन्हाळ्यात तो काळ्या मातीतले उरलेसुरले पाणी शोषून घेत होता आणि त्या अंगाची जमीन खाली बसत होती. काळ्या जमिनीत कडुनिंब, पिंपरणी, उंबर भिंतीपासून वीस-पंचवीस फूट तरी लांब हवेत. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर त्यांना जागा नाही. ती रस्त्याच्या कडेची झाडे आहेत आणि तिथे ती अवश्य लावावीत. घराजवळ शेवगा, पारिजातक, कढीपत्ता, डाळिंब, लिंबू, सीताफळ. सीताफळ तर आपल्या बालाघाटातले, पाण्याला हटून न बसणारे झाड. कळंब हेही एका झाडाचे नाव आहे, कदंबाच्या जातकुळीतले, गोल चेंडूसारख्या फुलांचे. गावात त्याची पाच-पंचवीस झाडे तरी नगरपरिषदेच्या मोकळ्या जागांत उभी राहावीत असे मला मनापासून वाटते.

ऊन मोजायला यंत्र लागत नाही. कळंब साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवशी चौकात सावली नसतेच, तिथे वेलीचा मांडव हवा. दोडका, घोसाळी, गोकर्ण, कृष्णकमळ, काहीही चालेल. द्राक्षाचा वेल अनेकांना सुचतो, पण बागायतदाराच्या सवयीने एप्रिलमध्ये त्याची खरड छाटणी केली तर नेमक्या उन्हाळ्यात मांडव उघडा पडतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४८ अंशांपर्यंतच चढतो. दहा फूट उंच भिंतीची सावली तेव्हा उत्तरेकडे नऊ फूट पडते. चौक दक्षिणोत्तर दहाच फूट ठेवला तर हिवाळाभर तो गारठलेला आणि शेवाळलेला राहील. पंधरा फूट ठेवला तर ओसरीवर बसून म्हाताऱ्या माणसाला पाठ शेकता येईल. आराखड्यावर तो पाच फुटांचा फरक दिसतही नाही.

पाण्यावर या पुस्तकातली सर्वांत जास्त पाने खर्ची पडली आहेत, आणि ती पडायलाच हवी होती. कळंबजवळचे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात एवढा पाऊस कोसळला की उभी पिके आणि मातीसुद्धा वाहून गेली. घर दोन्हींना पुरून उरले पाहिजे. हिशेब असा: हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वाया जाणारे सोडले, तरी सुमारे ४५,००० लिटर पाणी हाती येते. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ३५ लिटर लागतात असे धरले, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना साडेआठ हजार लिटर पुरतात. म्हणजे चौकाखाली दहा हजार लिटरचा एक बंद हौद बांधला की टँकरच्या दिवसांतही पिण्याचे पाणी आपले. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्यायचे, पुढचे गाळून घ्यायचे, हौदावर उजेड पडू द्यायचा नाही. बाकीचे पाणी बोअरभोवतीच्या खड्ड्यात जिरवायचे.

बाग मात्र या पाण्यावर नाही, न्हाणी-मोरीच्या पाण्यावर जगवायची. पाच माणसांच्या अंघोळीचे आणि धुण्याचे मिळून दिवसाला दोन-अडीचशे लिटर पाणी सहज निघते. ते आधी वाळू-खडीच्या छोट्या वाफ्यातून न्यावे, त्यात कर्दळ आणि अळू लावावेत, पुढे केळ. डबके साचू द्यायचे नाही, हा त्यातला मुख्य नियम. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारे आणि त्यांच्याबरोबर डास घालवले. एका गावाला जे जमले ते एका चौकाला जमायला हरकत नाही. आणि मोठ्या पावसाचा विचार विसरू नये. पंधरा बाय पंधरा फुटांचा चौक आणि त्याच्याकडे उतरणारे पाचशे चौरस फूट छत, एवढ्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तीन हजार लिटरहून जास्त पाणी चौकात उतरते. ओसरीपेक्षा चौक फूटभर खाली हवा आणि बाहेर जायला रुंद वाट हवी.

येरमाळ्याची येडेश्वरी आपल्याच तालुक्यातली. चैत्री यात्रेत पालखी रानात येते आणि लाखो भाविक तिथली चुनखडी वेचून टाकतात. लहानपणी मीही वेचली आहे. ओंजळीत पांढरे खडे आणि हाताला लागलेली मऊ पूड अजून आठवते. बांधकामाचा चुना आपल्या पायाखालच्या रानातून येत होता, याची इतकी मोठी आठवण दरवर्षी आपण साजरी करतो आणि घर बांधताना तो विसरतो. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो, गच्चीवर दिलेला पांढरा चुना ऊन परतवतो आणि खालची खोली निवते. उन्हाळ्याच्या तोंडाला दर वर्षी एक हात द्यायचा, एवढाच त्याचा खर्च. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी बांधणीही आहे. तिच्यात जवळजवळ पाव हिश्श्याने विटा कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते.

आता आडोशाबद्दल. वाड्याची बंद भिंत चोर-दरोडेखोरांसाठी होती, निजामाच्या काळातल्या असुरक्षिततेसाठी होती, आणि घरातल्या बायका बाहेरच्यांना दिसू नयेत म्हणूनही होती. माझ्या आजीने आयुष्यातले बहुतेक आभाळ त्या चौकातूनच पाहिले. म्हणून जुना वाडा जसाच्या तसा परत आणा, असे मी म्हणत नाही. मला हवा आहे तो आडोसा, कोंडवाडा नको. आज रस्त्याकडे तोंड करून काचेच्या मोठ्या खिडक्या ठेवतात आणि गृहप्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जाड पडदे लागतात. पडदे लागले की दिवसाही दिवा लागतो. शेजारच्या दुमजली गच्चीवरून अंगण दिसते, म्हणून घरातली मुलगी अभ्यासाला बाहेर बसत नाही, सून केस वाळवायला बाहेर येत नाही. चौकाला मांडव, वरच्या कठड्याला विटांची जाळी, शेजारच्या गच्चीच्या रेषेत एक पारिजातक, एवढ्याने ही अडचण सुटते. आणि रस्त्याकडे एक ओटा जरूर ठेवावा. ज्याला माणसांत बसायचे आहे त्याने ओट्यावर बसावे, ज्याला एकटे बसायचे आहे त्याने चौकात. कुठे बसायचे हे घरातल्या बाईने स्वतः ठरवावे.

जगभरच्या वास्तुरचनाकारांना हा प्रश्न भेटला आहे. जेफ्री बावा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलंबोत एना डी सिल्वा यांचे घर शहरी प्लॉटवर चौकाभोवती बांधले. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला सात-सात घरे आठ मीटरच्या सामाईक अंगणाभोवती मांडली आणि प्रत्येक घराला स्वतःचे उघडे आभाळ दिले. त्यांच्याबद्दल पुढे एक प्रकरण आहे, ते थोडक्यात आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांवरचे प्रकरण मात्र मी लांबू दिले. ‘प्रयोग परिवार’ उभा करणाऱ्या या गणिताच्या प्राध्यापकाने दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागावे असा हिशेब मांडला, आणि पानावर पडणारे ऊन हीच खरी कमाई मानून तो केला. त्यांच्या नजरेने पाहिले तर भिंतीवर फुकट पडणारे ऊन अस्वस्थ करते. दक्षिण भिंतीवर कारल्याचा वेल, गच्चीच्या कडेला भोपळा, चौकात आंबट चुका आणि तांदूळजा. पाच माणसांची सगळी भाजी दोनशे चौरस फुटांत पिकणार नाही, तसे आश्वासन मी देणार नाही. पण रोजची कोथिंबीर, कढीपत्ता, मिरची, लिंबू आणि आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी घरची होते.

पुस्तक शेवटपर्यंत वाचून मग सुरुवात करावी असे नाही. ज्यांचा प्लॉट रिकामा आहे त्यांनी ऊन आणि पाणी ही दोन प्रकरणे आधी वाचावीत. ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनी सोडलेल्या बोळांवरचे प्रकरण पाहावे. पश्चिमेच्या चार फुटांत वेलीचा ताटवा आणि उत्तरेच्या चार फुटांत अळू-कर्दळीचा वाफा बसवता येतो. गच्चीवर सौर पॅनेल बसवणाऱ्यांनी झाडाच्या जागा त्याआधी ठरवाव्यात.

माझ्या धाकट्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने मागच्या वर्षी कळंबमध्ये दोन गुंठे घेतले. बोअरची गाडी त्यांनी अजून बोलावलेली नाही. प्लॉटच्या मधोमध त्यांनी सहा फुटी बांबू रोवला आहे. दर महिन्याच्या एका रविवारी दोघे मुलाला घेऊन जातात, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला सावलीच्या टोकाशी एक दगड ठेवतात आणि दगडावर चुन्याने महिना लिहितात. जून लागताच पश्चिमेला शेवग्याच्या दोन फांद्या रोवल्या आणि चौक होणार आहे तिथे पारिजातक लावला. परवा मी गेलो तेव्हा पारिजातक माझ्या खांद्याला लागला होता आणि त्याच्या बुंध्याशी चार फुले पडली होती. जोत्याची फक्की अजून पडायची आहे.